निमगाव स्टँडवरचा देव

"देव किती वाजता येतेत?"

चौकशीच्या खिडकीतून एका बाईनं हे विचारलं, तेव्हा मी केळं सोलत होतो. रजिस्टरवरची नजर न काढता मी सवयीनं म्हणालो, "देवगावची साडेअकराला. फलाट दोन."

"देवगाव न्हाई ओ सायब. देव. ते वरनं बोलतेत ते."

मी मान वर केली. चाळिशी ओलांडलेली बाई होती. डोक्यावरून घट्ट पदर आणि पायांत टायरच्या चपला. तिचं बोट वर, खांबावरच्या करड्या कर्ण्याकडे होतं. त्या कर्ण्यात चिमण्यांनी काड्या आणून भरल्या होत्या.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर गफूरभाई बसले होते. आम्ही दोघंही निमगाव बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होतो आणि अठरा वर्षं एकाच केबिनमध्ये बसत होतो. गफूरभाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि अत्यंत गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "बाई, देव आत्ता केळं खातायत. पाच मिनिटं थांबा."

ही गोष्ट त्र्याण्णव सालची. तिचं मूळ सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, म्हणून तेवढं सांगतो.

त्याच्या आदल्या वर्षी ऑगस्टात आमच्या स्टँडवर मुंबईचा एक दाढीवाला माणूस अडकून पडला होता. त्याची मोटार घाटात बिघडली होती, आणि ज्या बसनं तो पुढं जाणार होता ती बस ओढ्याला पाणी आल्यामुळं पलीकडच्या काठावर उभी होती. लोक दर दहा मिनिटांनी खिडकीशी येऊन भांडत होते. शेवटी मी माईक ओढला आणि म्हणालो, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. गाडी येणार आहे. निश्चित वेळ सांगता येत नाही. धीर धरावा."

तो दाढीवाला बाकावरून ताडकन उठला आणि धावतच केबिनमध्ये आला. मला वाटलं, आता हा मारतो. पण त्यानं माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "सापडला! मला देव सापडला!"

तो सिनेमावाला निघाला. 'गणपाचा रेडिओ' नावाचा विनोदी सिनेमा तो करत होता. गणपा नावाचा एक साधा न्हावी असतो. त्याच्या दुकानातल्या बंद पडलेल्या रेडिओतून एके दिवशी देव बोलायला लागतो. गणपा देवाला काहीही विचारतो आणि देव त्याला उत्तर देतो, अशी गोष्ट. देव कुठंच दिसत नाही, नुसता ऐकू येतो. त्या देवासाठी त्यानं मुंबईतले सगळे भारदस्त आवाज ऐकून टाकले होते. "ते सगळे राजासारखे बोलतात हो. माझा देव तुमच्यासारखा पाहिजे. वैतागलेला, पण जागेवर बसलेला."

मग मला मुंबईला नेलं. तिथल्या गारेगार काचेच्या खोलीत माझा आवाज निघाला तो मुरलीधर कोथिंबिरे या माणसाचा. बारीक, चिरका आणि घाबरलेला. दिग्दर्शकानं दाढी खाजवली. शेवटी ते सगळेच यंत्रं घेऊन निमगावला आले आणि त्यांनी आमच्या कर्ण्याखाली उभं राहून माझी सात वाक्यं टिपली. म्हणजे देवपण माझ्या घशात नव्हतं, त्या कर्ण्याच्या गंजात होतं. पण हे सांगायला गावात कोण ऐकतंय!

सिनेमा आमच्या टॉकीजला लागला आणि तीन आठवडे चालला. गणपा हात जोडून विचारतो, "देवा, माझे चांगले दिवस कधी येणार?" आणि रेडिओ खरखरतो, "येणार आहेत. निश्चित वेळ सांगता येत नाही. धीर धरावा." त्या वाक्याला सगळं निमगाव शिट्ट्या मारायचं.

त्यानंतर स्टँडवर माझे हाल सुरू झाले. मी "फलाट क्रमांक चार" म्हणालो की कॉलेजची पोरं बाकावर उभी राहून दंडवत घालायची. एका ड्रायव्हरनं खांबाखाली नारळ फोडला. हा सगळा चेष्टेचा भाग. पण काही म्हाताऱ्या बायका खरंच हात जोडायच्या. सिनेमा खोटा असतो हे त्यांना माहीत होतं, पण आवाज तर खरा होता ना! गफूरभाई म्हणायचे, "कोथिंबिरे, जपून बोला. काल तुम्ही अक्कलकोट गाडी रद्द म्हणालात, तर एक म्हातारी म्हणाली, आता माझी पोरगी काही नांदत नाही."

मी देव मानत होतो की नाही, हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं. घरचा देव्हारा बायकोकडे होता, जशी घरची सायकल माझ्याकडे.

तर ती बाई. तिचं नाव सुगलाबाई मासाळ. गफूरभाईंनी तिला आत घेतलं आणि स्टुलावर बसवलं. तिनं आधी माझ्याकडे, मग केळ्याच्या सालीकडे पाहिलं.

"तुमीच बोलता व्हय?"

"मीच."

"वाटत न्हाई," ती प्रामाणिकपणे म्हणाली.

मग तिनं सांगितलं. तिचे वडील म्हाळाप्पा घोंगड्या विणायचे. पंधरा वर्षांपूर्वी बोरीचा काटा लागून त्यांचा डावा डोळा गेला. राहिलेल्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला होता आणि चार वर्षांत तो इतका वाढला होता की त्यांना फक्त उजेड आणि सावली कळायची. सोलापूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरांनी दोनदा तारीख दिली होती. दोन्ही वेळा म्हाळाप्पा धोतर-पटका घालून, मुलीचा हात धरून स्टँडवर आले, कर्ण्याखालच्या बाकावर बसले, आणि सोलापूर गाडी सुटेपर्यंत बसून राहिले. गाडी गेली की उठले आणि घरी.

"म्हनतेत, देव अजून बोलला न्हाई."

"पण हे त्यांच्या डोक्यात आलं कुठून?"

"म्याच सिनेमाला नेलं ओ. आळीतली समदी चालली हुती. आप्पांना दिसत तर न्हाई, पर ऐकत बसले. त्यात देव त्या न्हाव्याला नाव घेऊन म्हनतो न्हाई का, 'गणपा, ऊठ. मी आहे.' ते आप्पांनी लई मनावर घेतलं. मग एक दिवस हितं आलो तर वरनं त्योच आवाज! आप्पा जागच्या जागी हुबे. म्हनले, सुगले, हा तर हितंच ऱ्हातो."

ज्यांनी पडद्यावर गणपा बघितला, रेडिओ बघितला, खुर्च्या बघितल्या, त्यांना तो सिनेमा होता. म्हाळाप्पांनी नुसतं ऐकलं होतं. आणि अंधारात ऐकलेलं माणूस लवकर विसरत नाही.

"येत्या मंगळवारी तिसरी तारीख हाय," सुगलाबाई म्हणाली. "डॉक्टर म्हनले, आता न्हाई आला तर मोतीबिंदू आतच फुटंल. सायब, तुमी एकदाच म्हना. 'म्हाळाप्पा, ऊठ. सोलापूरला जा.' बास. मी दुसरं काय मागत न्हाई."

मी ताठ झालो. "बाई, हा माईक गाड्यांसाठी आहे. त्यावरून खासगी काही बोलता येत नाही."

"खाजगी कुठं? सोलापूरचीच गाडी हाय की."

गफूरभाई खिडकीबाहेर बघत हसू दाबत होते. मी म्हणालो, "नियमात बसत नाही."

ती उठली. रागावली नाही, रडली नाही. नमस्कार करून म्हणाली, "बघा काय जमलं तर," आणि गेली. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी जेवताना मी हे बायकोला सांगितलं. शशिकला भाकरी थापत होती. ती सिनेमा दोनदा बघून आली होती, आणि दोन्ही वेळा देव बोलायला लागला की शेजारणीला म्हणाली होती, "घरात एवढं स्पष्ट कधी बोलत नाहीत."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"नियमात बसत नाही म्हणालो."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "म्हातारा एका डोळ्यावर बसलाय आणि तुम्ही नियमावर."

"तसं नाही गं. समजा मी म्हणालो आणि तो गेला. आणि डोळा वाचला नाही तर? गाडीची वेळ चुकीची सांगितली तर माणूस तासभर ताटकळतो. हे चुकलं तर तो जन्मभर अंधारात बसेल, आणि म्हणेल देवानं फसवलं."

शशिकलाचा हात थांबला. हे तिला पटलं असावं. थोड्या वेळानं मीच म्हणालो, "तरीपण... एकदा म्हणून टाकू का? देव म्हणून?"

"खबरदार!" ती उलथनं रोखून म्हणाली. "त्याच्या नावानं खोटं बोलायचं नाही. सिनेमात ठीक होतं, तिथं त्यालाही माहिताय तो सिनेमा आहे."

"मग करू काय?"

"तुम्हाला तोंड आहे ना? त्यानं बोला की. त्याला माईक कशाला पाहिजे?"

मंगळवारी सकाळी साडेआठला ते दोघं आले. सुगलाबाईच्या हातात पिशवी होती. म्हाळाप्पा उंच, वाळलेले, पांढऱ्या पटक्याचे. बाकावर बसून त्यांनी कान कर्ण्याकडे केला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. फोटोला बसल्यासारखे. सोलापूर गाडी सव्वानऊची होती.

मी नऊपर्यंत चार गाड्या पुकारल्या. प्रत्येक वेळी मी माईक चालू केला की काचेतून मला म्हाळाप्पांची मान वर होताना दिसायची, आणि बार्शी किंवा तुळजापूर ऐकलं की हळूच खाली जायची. पाचव्या गाडीला माझ्याच्यानं ते बघवेना. मी माईक गफूरभाईंकडे सरकवला आणि बाहेर आलो.

बाकावर त्यांच्या शेजारी बसलो. "आप्पा, नमस्कार. मी कोथिंबिरे. इथला वाहतूक नियंत्रक."

"नमस्कार, नमस्कार. बसा."

"आप्पा, त्या कर्ण्यातून जो आवाज येतो ना, तो माझा आहे."

म्हाळाप्पा वळले. त्यांचा उजवा डोळा दुधाळ झाला होता, तरी ते माझ्याकडे बघितल्यासारखे करत होते. मग ते हसले. तोंडात पुढचे तीन दात नव्हते.

"तुमचा? छ्या! तुमचा आवाज कसला ओ, करडासारखा."

पलीकडे सुगलाबाईनं कपाळावर हात मारला. मी म्हणालो, "आप्पा, खरंच मीच. सिनेमातही मीच बोललोय."

"असू द्या, असू द्या," ते माझी समजूत काढत म्हणाले. "मानसाला वाटतं असं कधी कधी."

आता आली का पंचाईत! हजार लोक मला उगाच देव म्हणत होते, आणि ज्याला मी खरं सांगायला आलो तो मला माणूस म्हणूनही घ्यायला तयार नव्हता. मी त्यांचा हात धरला, केबिनमध्ये नेलं, माझ्या खुर्चीत बसवलं. त्यांचा तळवा माईकच्या दांड्यावर ठेवला आणि त्यांच्या कानाशी वाकून बोललो, "सोलापूरकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे."

आत माझा चिरका आवाज. बाहेर, क्षणभरानं, तो घुमणारा, गंजका, भारदस्त.

म्हाळाप्पांचा हात दांड्यावरच राहिला. त्यांनी मला पुन्हा बोलायला लावलं. मग तिसऱ्यांदा. बाहेर लोकांना वाटलं आज सोलापूरला तीन गाड्या सुटणार आहेत. तीन वेळा ऐकल्यावर त्यांनी हात काढून मांडीवर घेतला.

"म्हंजी यातनं देव बोलत न्हाई."

"नाही, आप्पा."

"मानूस बोलतो."

"हो."

गफूरभाईंनी चष्मा पुसायला घेतला. दाराशी सुगलाबाई उभी होती. तिच्या तोंडाकडे मला बघवेना. जेवढं होतं तेवढंही मी मोडून टाकलं, असं मला वाटलं. आता हे उठतील आणि घरी जातील, आणि चौथी तारीख काही मिळणार नाही.

बाहेर सोलापूर गाडी फलाटाला लागली. लोक खिडक्यांतून रुमाल टाकून जागा धरायला लागले.

"मग तुमीच सांगा," म्हाळाप्पा म्हणाले.

"काय?"

"तुमाला एकच डोळा असता, आन् तोबी असा, तर तुमी गेला असता का?"

इतक्या वर्षांत त्या खिडकीतून मला हजारो प्रश्न विचारले गेले होते, आणि प्रत्येकाचं उत्तर भिंतीवरच्या तक्त्यात होतं. हे नव्हतं. मी खोटं बोलू शकलो असतो. "हो, हसत हसत गेलो असतो," असं. पण शशिकलाचं उलथनं डोळ्यांसमोर आलं.

"मी घाबरलो असतो, आप्पा," मी म्हणालो. "दोन तारखा काय, मी चार चुकवल्या असत्या."

"आन् मग?"

"मग... कुणी सोबत असतं तर घाबरत घाबरत गेलो असतो."

म्हाळाप्पांनी मान हलवली. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन ते उठले, पटका सारखा केला.

"चला तर."

"बसा गाडीत. मी कंडक्टरला सांगतो, पुढची जागा..."

"तुमी चला म्हनतोय मी. घाबरतच जायचं तर दोघं जाऊ."

मी गफूरभाईंकडे बघितलं. त्यांनी टेबलाच्या खणातून कोरा कागद काढून माझ्यापुढं सरकवला. "किरकोळ रजेचा अर्ज," ते म्हणाले. "दोन दिवसांचा लिहा. कारण काय लिहू नका, साहेबांना मी सांगतो. देवालाही सुट्टी लागते म्हणावं."

अशा रीतीनं, अंगावरच्या खाकी कपड्यांनिशी, डबा हातात घेऊन, मी ज्या गाडीला रोज पुकारत होतो त्या गाडीत बसलो. म्हाळाप्पा खिडकीशी, मी मधे, कडेला सुगलाबाई. वाटेत ते डोळ्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मेंढीची लोकर कोणत्या महिन्यात कातरावी, काळं घोंगडं महाग का, ओल्या घोंगड्याचा वास चांगला की वाईट, यावर मला दोन तास ज्ञान मिळालं. मी मधेच हो म्हणायचं विसरलो की ते कोपरानं ढोसायचे. "हाय का?"

"आहे, आहे."

दुपारी दीड वाजता त्यांना आत नेलं आणि तासाभरानं बाहेर आणलं. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन व्यवस्थित झालं. बाकी उद्या पट्टी काढल्यावर. आज डोकं हलवायचं नाही." उजव्या डोळ्यावर जाड पांढरी पट्टी होती. डावा तर नव्हताच. म्हणजे आता उजेड-सावलीचाही आधार गेला होता.

सहा वाजता घंटा झाली. पुरुषांच्या वॉर्डात सहानंतर बाईमाणसांना थांबू देत नसत. सुगलाबाईची मावसबहीण सोलापुरातच राहायची, तिच्याकडे ती निघाली. जाताना तिनं वडिलांच्या पायांवरची चादर तीनदा सारखी केली. "आप्पा, सकाळच्याला येते." म्हाळाप्पा म्हणाले, "जा, जा. माझं काय हाय?" आवाज एकदम धीट होता.

तिला फाटकापर्यंत सोडून मी कोपऱ्यावर चहा घेतला. शशिकलाला निरोप म्हणून शेजाऱ्यांकडे फोन लावला, तो लागेना, पुन्हा लावला. यात पंधरावीस मिनिटं गेली असतील. परत येऊन जिना चढलो तर वॉर्डातून हाक ऐकू आली.

"कोथिंबिरे!"

मी पायऱ्या दोन दोन करून चढलो.

"कोथिंबिरे! ओ कोथिंबिरे!"

पलंगांवरची माणसं माना वळवून बघत होती. शेजारच्या पलंगावरचा पेशंट म्हणाला, "अहो, आहात कुठं? किती वेळ हाका मारतायत." म्हाळाप्पा सरळसोट पडले होते, डोकं हलवायचं नाही म्हणून न हलवता. फक्त दोन्ही हात हवेत होते, काहीतरी चाचपडत.

"ओ!" मी दारातूनच ओरडलो. "ओ, आप्पा! आलो!"

त्यांच्या हाताला माझं मनगट लागलं. त्यांनी ते असं धरलं की दुसऱ्या दिवशी तिथं बोटांचे वळ होते. मग हळू आवाजात, मला एकट्यालाच ऐकू येईल असं, बोलायला लागले.

"ह्यो डावा डोळा गेला तवा मी दवाखान्यात असाच पडलो हुतो. दोन्हीवर पट्ट्या. घरची बाळंतपणाला पोरीकडं गेलेली. संगं कोन न्हाई. सांज झाली, म्हंजी झाली असनार, मला काय कळतंय. तहान लागली. हाक मारली. कुनी ओ दिली न्हाई. मानसं हुती ओ, पावलं ऐकू येत हुती. पर ज्यानं त्यानं वाटून घेतलं, दुसऱ्या कुनाला हाक मारतोय. नाव घेऊन कुनाला मारावी, तर कुनाचं नाव म्हाईत न्हाई. तीस-चाळीस हाका मारल्या आसतील. मग गप झालो. काय सांगू तुमाला, मला वाटलं मी मेलो. मेलेलं मानूसच हाक मारत ऱ्हातंय आन् कुनाला ऐकू जात न्हाई."

"हे सुगलाबाईंना..."

"न्हाई सांगितलं. सहाला तिला बाहेर काढतेत, ती काय करनार? जिवाला घोर उगाच." ते थांबले. "मग त्यो सिनेमा ऐकला. त्यात देव म्हनतो, मी आहे. म्हटलं, ह्याला संगं न्यावं. त्यानं नाव घेऊन बोलवलं म्हंजी त्यो येनार. आन् देवाला सहाची घंटा लागू न्हाई."

खांबाखाली बसून दोन महिने हा माणूस देवाची आज्ञा मागत नव्हता. सोबत मागत होता. आणि मी काचेच्या आत बसून त्याला बार्शी आणि तुळजापूर ऐकवत होतो.

"पानी देता का?" म्हाळाप्पा म्हणाले.

मी चमच्यानं पाणी पाजलं. त्यानंतर झोप लागेपर्यंत ते दर थोड्या वेळानं हाक मारत राहिले. काम काही नसायचं. "कोथिंबिरे?" "ओ." बस, एवढंच. सुरुवातीला मी "काय पाहिजे?" असं विचारायचो. मग ते विचारणं सोडलं, नुसती ओ देत राहिलो. शेजारचा पेशंट कंटाळून म्हणाला, "अहो आजोबा, आहेत ते इथंच." म्हाळाप्पा म्हणाले, "तुमाला म्हाईत हाय. मला दिसतंय का?"

सकाळी डॉक्टर आले. सोबत एक जाडजूड, करड्या आवाजाची सिस्टर. त्यांनी पट्टी उलगडायला घेतली. पट्टी गेली, कापूस गेला. पापणी सुजलेली होती. "हळूच उघडा," डॉक्टर म्हणाले. म्हाळाप्पांनी उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"काय दिसतंय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चांगलं निरखून, वरपासून खालपर्यंत, बाजारात मेंढरू बघतात तसं.

"मानूस हाय," ते म्हणाले. "खाकीतला. मिशी एका बाजूला जास्त कापलीया."

डॉक्टर हसले, अख्खा वॉर्ड हसला. मीही मिशीला हात लावत हसलो. तेवढ्यात दाराशी सुगलाबाई आली. हातात मावसबहिणीकडचा डबा होता. ती तिथंच थांबली. आत यावं की नाही, काय ऐकायला मिळेल, या भीतीनं तिनं दाराची चौकट धरली होती. गडबडीत निघाली असणार, पदर खांद्यावर आला होता.

म्हाळाप्पांची नजर तिच्यावर गेली आणि थांबली. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. चार वर्षांत त्यांनी तिला बघितलं नव्हतं.

"सुगले," ते म्हणाले, "केस पिकले की गं तुझे."

ती जागची हलली नाही. "कवाच पिकले, आप्पा."

"मला सांगितलं न्हाईस."

"त्यात काय सांगायचं?"

म्हाळाप्पांनी हात पुढं केला. ती आली, पलंगाच्या कडेला वाकली, आणि त्यांनी तिच्या भांगावरून, त्या पिकल्या बटांवरून हात फिरवला. पूर्वी हातांनीच ओळखायचे. आता डोळ्यांनी बघत होते तरी हात फिरवतच होते.

"आजोबा!" सिस्टर कडाडल्या. "रडायचं नाही! डोळ्याला टाके आहेत. आणि तुम्हीसुद्धा बाई, त्यांच्यासमोर डोळ्यांत पाणी काढायचं नाही, सांगून ठेवते!"

दोघांनीही मुकाट्यानं माना हलवल्या आणि ओठ घट्ट मिटून घेतले. मनाई त्या दोघांनाच होती. मला कुठे टाके पडले नव्हते. मी वॉर्डाबाहेर व्हरांड्यात गेलो.